झीज वेगळी, इजा वेगळी: झिजलेली नाणी जमवणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या टेबलावर आत्ता राणीछाप पाव आणा पडलाय. राणी म्हणायची ती आता नावापुरती. नाक गेलंय, मुकुट गेलाय, केसांची वळणं तर कधीच गेलीत. डोक्यापासून खांद्यापर्यंत नुसती सावली उरलीय, तीही नाणं खिडकीकडे तिरकं धरलं तर दिसते. मागच्या बाजूला मधोमध १८६२ मात्र वाचता येतं. शेवटचा २ जरा मान खाली घालून बसलाय, पण आहे. हे नाणं मी शोधून, निवडून, पैसे मोजून घेतलं. विकणाऱ्याने तीनदा विचारलं, "दादा, नक्की हेच? शेजारचं बघा की, चेहरा कसा ठळक आहे."

ठळक चेहऱ्याची नाणी जमवणारे पुष्कळ असतात. झिजून गुळगुळीत झालेली, पण ओळख न गमावलेली नाणी मुद्दाम जमवणारे थोडे. अमेरिकेत या प्रकाराला 'लोबॉल' म्हणतात. पीसीजीएस ही नाण्यांना दर्जा देऊन ती प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणारी तिथली कंपनी संग्राहकांच्या संचांची क्रमवारी लावते. त्यात लोबॉल संचांचाही विभाग आहे आणि तिथली शर्यत उलटी: ज्याच्या संचाचा दर्जा सगळ्यात खाली, त्याचा नंबर वर. वेडेपणा वाटतो खरा. पण त्यांचा चांदीचा 'पीस डॉलर' बघा. तो १९२१ ते १९३५ या काळात पाडला गेला, आकाराने मोठा, त्यामुळे खिशात कमी फिरला आणि बँकांच्या पोत्यांत जास्त पडून राहिला. परिणामी अगदी सपाट झालेला पीस डॉलर दुर्मीळ ठरतो आणि मध्यम दर्जाच्या डॉलरपेक्षा महाग जातो.

आपल्याकडे अशी शर्यत नाही, आणि नाही तेच बरं. पण झिजलेली नाणी पोत्याने आहेत, त्यामुळे शिकायला याहून स्वस्त शाळा मिळणार नाही.

पहिली गोष्ट: झीज की इजा?

नवख्या माणसाने पहिले दोन महिने एवढंच शिकावं असं मी म्हणेन. झीज म्हणजे हजारो हातांनी, कनवटींनी, बटव्यांनी, गल्ल्यातल्या इतर नाण्यांनी हळूहळू नेलेला धातू. इजा म्हणजे एखाद्याच दिवशी, एखाद्याच माणसाने किंवा एखाद्याच अपघाताने केलेलं नुकसान: भोक, वाक, ओरखडा, हातोडीचा घाव, डाग देऊन लावलेली कडी, आम्लाने खाल्लेला पृष्ठभाग, घासून आणलेली चकाकी. झिजलेल्या नाण्याचा दर्जा ठरवता येतो. इजा झालेलं नाणं मात्र त्या मोजपट्टीवर बसतच नाही. दर्जा देणाऱ्या कंपन्यासुद्धा अशा नाण्याला नुसता आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' असा शेरा मारून काय बिघडलंय ते लिहितात.

आपल्या घरांतल्या जुन्या नाण्यांना सगळ्यात जास्त इजा कुणी केली असेल तर ती आपल्याच श्रद्धेने. चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात, आणि पाटावर मांडण्याआधी चिंच नाहीतर भांडी घासायची पावडर लावून लख्ख केले जातात. वर्षाला एकदा, असं साठ-सत्तर वर्षं. काही रुपयांना कान लावून गळ्यातल्या माळेत ओवलेलं असतं. मी स्वतः सातवीत असताना आजोळी सापडलेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी ती नवीन तांब्याच्या वायरसारखी गुलाबी झाली होती. आजी म्हणाली, "बघ कशी सोन्यासारखी निघाली." मलाही तसंच वाटलं होतं. दीडशे-दोनशे वर्षांत चढलेला काळपट तपकिरी रंग मी एका रात्रीत धुऊन टाकला होता आणि तो परत यायला माझं आयुष्य पुरणार नाही. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. वेगळ्या पाकिटात.

भोकाबद्दल एक सूचना. १९४३ ते १९४७ दरम्यान ब्रिटिश सरकारने मधोमध गोल भोक असलेला एक पैसा काढला होता. ते भोक टाकसाळीतलं, त्याला इजा समजून नाणं परत करू नका. दुसरं, जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेल्या बारीक ठशांच्या खुणा असतात. काटेकोर प्रतवारीत त्या इजेतच मोडतात. मला वैयक्तिकरीत्या त्या आवडतात, पण विकत घेताना मी ही आवड चेहऱ्यावर दिसू देत नाही.

आकड्यांची मोजपट्टी

आज जगभर वापरात असलेली १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. कल्पना अशी की ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं असावं. किमतीचं ते गणित लवकरच कोसळलं, आकडे मात्र राहिले. न वापरलेली नाणी ६० ते ७० मध्ये बसतात. आपला मामला अगदी तळाशी, १ ते ८ मध्ये आहे.

१ म्हणजे पीओ-१, 'पुअर'. नाणं कोणत्या प्रकारचं आणि कोणत्या वर्षाचं एवढं ओळखता येतं, बाकी सपाटी. २ म्हणजे एफआर-२, 'फेअर': इथे चित्राचे तुकडे दिसायला लागतात, एखाददुसरं अक्षर, कपड्याची एखादी घडी. ३ म्हणजे एजी-३, 'अबाउट गुड': अक्षरं बहुतेक वाचता येतात, पण काठ इतका झिजलाय की तो अक्षरांच्या डोक्यात शिरलाय. ४ म्हणजे जी-४, 'गुड': काठ जवळजवळ पूर्ण, अक्षरं जवळजवळ सगळी, चित्र मात्र बाह्यरेषेपुरतं. ८ ला, म्हणजे 'व्हेरी गुड'ला, बाह्यरेषेच्या आत थोडा तपशील दिसतो. १२ ला 'फाइन' म्हणतात.

इथे नवखा हमखास फसतो. 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे! विक्रेत्याने पाकिटावर 'गुड' लिहिलं असेल तर त्याने खरं तेच लिहिलंय: नाणं पार झिजलेलं आहे. भानगड होते ती उलट्या बाजूने, 'गुड' दर्जाच्या नाण्यावर 'फाइन' लिहिलेलं असतं तेव्हा. म्हणून पाकिटावरचा शब्द शेवटी वाचावा, आधी नाणं बघावं.

१ आणि 'दर्जाच नाही' यांच्यामधली रेघ सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मजेची. वर्ष गेलं की आकडा गेला. अमेरिकेच्या बफेलो निकेलवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर, वर्ष उंचवट्यावर कोरलेलं असल्याने सगळ्यात आधी तेच झिजायचं, त्यामुळे बिनवर्षाची बफेलो नाणी ढिगाने मिळतात आणि वर्षासकट सपाट झालेली शोधावी लागतात. त्यांच्या स्टँडिंग लिबर्टी पाव डॉलरचंही तेच व्हायचं. शेवटी १९२५ मध्ये टाकसाळीने वर्षाची जागा खोल केली तेव्हा ते टिकायला लागलं.

आपल्याकडचा असा प्रकार म्हणजे १८६२ चा रुपया. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल राहिलं, आणि मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक ठिपक्यांची भर पडत गेली. हे ठिपके मोजून अभ्यासक रुपया नेमका कधीचा ते लावतात. आता रुपया झिजला की आधी जातात ते ठिपकेच. साल शाबूत, पण ते साल खरं नाही अशी ही गंमत.

सुरुवात कुठल्या नाण्यापासून?

माझा सल्ला: व्हिक्टोरियाचा तांब्याचा पाव आणा, १८६२ ते १९०१. मुबलक मिळतो, झिजलेला तर हमखास, आणि तांबं असल्याने झीज मऊ आणि समान येते. मूळ वजन १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम. १८७६ पर्यंत राणीच्या नावापुढे 'क्वीन', १८७७ पासून 'एम्प्रेस'. त्यामुळे नावातली दोन-तीन अक्षरं दिसली तरी कालखंड लागतो. १९०६ पासून पाव आणा कांशाचा आणि हलका झाला, ७५ ग्रेनचा. तो वेगळा संच.

चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. हा फार झिजलेला सहसा मिळत नाही, कारण लोकांनी तो खर्चण्याऐवजी पुरून किंवा गाठोड्यात ठेवला. शिवाय १९०६ च्या नाणेकायद्यानुसार दोन टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. १९०७ पासूनचा नागमोडी काठाचा एक आणा निकेलमिश्रित तांब्याचा, टणक. तो खरोखर सपाट झालेला मिळाला तर सोडू नका. स्वातंत्र्यानंतरची ॲल्युमिनियमची दोन-पाच-दहा पैशांची नाणी झिजण्याआधी वाकतात, आणि १९८८ नंतरची स्टीलची नाणी आपल्या नातवंडांच्या हयातीतही झिजायची नाहीत.

हातात घेतल्यावर

लागतं फार थोडं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणि एक दिवा. दिवा बाजूने लावायचा, वरून नव्हे. वरून पडलेल्या उजेडात झिजलेलं नाणं नुसती चकती दिसतं. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून धरा आणि नाणं बोटांत कडेने पकडून सावकाश फिरवा. एका विशिष्ट कोनात आकडे सावली टाकून उठतात, पुढच्या क्षणी बुडतात. मी साल वाचायला कधी कधी दहा मिनिटं घेतो. तरी जमलं नाही तर नाण्यावर हलकी वाफ सोडावी, तोंडाने आरशावर सोडतो तशी. ती विरता विरता पुसट अक्षर क्षणभर दिसून जातं. गॅसवर तापवणं, आम्लाचा थेंब टाकणं असले उपाय कुणी सांगितले तर हसून सोडून द्या. आम्लाने साल वर आणलेलं नाणं म्हणजे सरळ इजा.

मग क्रमाने बघायचं. आधी काठ: पूर्ण गोल आहे का, कुठे अक्षरांत मिसळलाय? मग चित्राची उंच ठिकाणं. राणीच्या नाण्यावर कानाजवळचे केस, गाल आणि छातीवरची नक्षी आधी जाते, मग मुकुट, सर्वात शेवटी मानेखालची बाह्यरेषा. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा कमी-जास्त झिजलेली असू शकते, तेव्हा दोन्हींचा दर्जा वेगवेगळा मनात धरावा आणि कमी असेल तो सांगावा. त्यानंतर मोकळी जागा, म्हणजे अक्षरं आणि चित्र यांच्यामधलं मैदान. झिजलेल्या नाण्याचा खरा कस इथे लागतो. ते सगळीकडे सारखं, गारगोटीसारखं मऊ हवं. एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर कुणीतरी घासलंय. मैदानात सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर नाणं जमिनीत किंवा आम्लात राहून आलंय.

आणि रंग. हाताने झिजलेल्या तांब्याचा रंग खोलगट भागांत गडद, उंच भागांवर फिका असतो. सगळीकडे एकसारखा चॉकलेटी रंग असेल तर बाटलीतून आलेला असण्याची शक्यता धरावी.

शिवराईची गोष्ट निराळी

वर सांगितलेलं सगळं यंत्राने पाडलेल्या नाण्यांचं. मराठी संग्राहकाची पहिली ओढ मात्र शिवराईकडे असते आणि तिथे ही मोजपट्टी अर्धीच चालते.

शिवराई हाताने पाडलेली. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून सुरू झालेली ही परंपरा पेशवाईत अनेक टाकसाळींतून चालू राहिली. उत्तरकाळातल्या एका प्रकारावर अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात, त्या दोन दांड्यांवरून त्याचं नाव दुदांडी शिवराई. बाजारात जास्त करून हीच दिसते. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून अख्खा मजकूर क्वचितच एका नाण्यावर उतरतो. 'श्री' दिसत नाही म्हणजे ती झिजली असं नाही, ती या नाण्यावर कधी पडलीच नसेल.

आता खरी परीक्षा: न उमटलेलं अक्षर आणि झिजून गेलेलं अक्षर वेगळं कसं ओळखायचं? भिंगातून त्या जागेचा पोत बघा. हातोडा तिथे नीट बसला नसेल तर चकतीची मूळ खरखर, कधी छिन्नीची रेघ, तशीच राहिलेली असते, आणि लागूनच असलेलं अक्षर तीक्ष्ण असतं. झीज असेल तर ती जागा गुळगुळीत असते आणि शेजारची अक्षरंही हळूहळू उतरत गेलेली असतात, एकदम तुटत नाहीत. बोटाच्या टोकालाही हा फरक कळतो. एकदा हे जमलं की जुन्या बाजारातल्या ताटातून शिवराया निवडताना तुमचा वेग बघून विक्रेता भाव वाढवायला लागेल.

शिवराईला १ ते ७० मधला आकडा चिकटवण्यापेक्षा चार गोष्टी लिहाव्यात: वजन, किती मजकूर चकतीवर आहे, जो आहे तो किती झिजलाय, आणि रंग मूळचा आहे का. 'शिव' की 'सिव', दांड्या आहेत का, ठिपक्यांचं कडं दिसतं का, एवढं वाचता आलं तरी प्रकार लावता येतो. झिजलेल्या शिवराईत तेच कसब आहे.

नकली शिवरायांचा सुळसुळाट आहे, हेही सांगतो. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची जोडरेघ असते किंवा ती कानशीने घासून लपवलेली असते. अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी गोलसर आणि मैदानात हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे. नकली नाण्याला जुनं दाखवायला वाळूत घोळवलेलं असतं, त्यामुळे झीज खोलगट भागांतसुद्धा पोहोचलेली दिसते. हातांनी झिजलेल्या नाण्यात खोबणी सुरक्षित राहतात आणि त्यांत जुना काळा मळ घट्ट बसलेला असतो. तो मळ काढू नका. तो तुमचा साक्षीदार आहे.

घेताना, ठेवताना

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, शहरोशहरी भरणारी नाण्यांची प्रदर्शनं, ही शिकण्याची ठिकाणं. पण पैसे खर्च करण्याआधी डोळा तयार करायचा तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलनसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था एकदा बघून यावी. भाव करताना "काका, घासलेलीच आहे हो" म्हणणं हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि विक्रेत्यालाही ते अपेक्षित असतं. मात्र मोबाईलवर "जुन्या नाण्याचे लाखो रुपये, आधी एवढी फी भरा" असं सांगणाऱ्याशी एक वाक्यही बोलू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फी मागितली जाते म्हणून बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

कायद्याच्या दोन गोष्टी. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याला मुंजीत शिवराई द्यायची हौस असेल तर ती इथेच, तुमच्या कपाटात, त्याच्या नावाने ठेवा.

ठेवायला मऊ, वास मारणारी प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका. त्यातलं रसायन उतरून नाण्यावर हिरवा चिकटा येतो. कडक, बिनवासाची पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट उत्तम. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्याच. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, जी पुसली तरी परत येते, तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. धुवायचंच असेल तर फक्त डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, न घासता, कापडावर टेकवून वाळवायचं. याहून जास्त हौस नको.

प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने चार ओळी लिहायची सवय लावा. माझ्या त्या पाव आण्यावर लिहिलंय: "१८६२, क्वीन ('क्वी' नाही, 'न' दिसतो). वजन ५.९४. पुढे १, मागे २. कडेला घड्याळातल्या ७ च्या जागी जुना लहान ठोसा, बाकी इजा नाही. साल वाचायला उजवीकडून उजेड." शेवटची ओळ स्वतःसाठी आहे. ती नसती तर दर वेळी पुन्हा दहा मिनिटं शोधत बसावं लागलं असतं.